नळीमाशाची अंडी सांभाळतो कोण? थोडी पार्श्वभूमी

लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेला जवळा निवडायला बसलं की क्वचित बोटभर लांबीची एक कडक काडी हाताला लागते. आमच्या घरी ती काडीकचऱ्यातच जायची. एकदा भिंगाखाली धरली, तर एका टोकाला नळीसारखं तोंड, अंगभर हाडांची कडी, आणि शेपटीखाली कातडीच्या दोन पाळ्या. पाळ्या उकलल्या तर आत राजगिऱ्यासारखे दाणे ओळीनं चिकटलेले. तो नळीमासा होता, समुद्रघोड्याचा चुलतभाऊ. आणि अंडी घेऊन फिरणारा, म्हणजे नर.

हे ‘म्हणजे नर’ कळायला माणसाला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं की विणीच्या वेळी या माशाचं पोट चिरतं, अंडी बाहेर येतात, मग चीर भरून येते आणि मासा जगतो. निरीक्षण चोख होतं. पण ज्याच्या पोटाशी अंडी ती मादीच, हे पुढेही सगळे धरून चालले. १८३१ मध्ये स्वीडनचे निसर्ग-अभ्यासक एकस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं की अशी पाळ्यांची पिशवी असलेले मासे नर असतात.

मग प्रश्न आला, जोडीदार निवडतं कोण? जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये मांडलं की पिलांसाठी ज्याला जास्त झिजावं लागतं तो चोखंदळ होतो, आणि दुसऱ्याला झगडावं लागतं. हे पडताळायला नळीमाशाहून चांगला मासा कुठला! १९८०च्या दशकात बर्गलुंड आणि रोझेनक्विस्ट या संशोधकांनी स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या सागरी गवतातल्या दोन जाती अभ्यासल्या. मादी अंडी भराभर तयार करते, नराकडची जागा मात्र मोजकी. त्यामुळे इथे माद्या स्पर्धा करतात आणि नर मोठी मादी पसंत करतो. दुसऱ्या जातीत पिशवीच नाही, अंडी नराच्या पोटाला उघडीच चिकटतात, आणि निळ्या रेघांनी नटते ती मादी. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: मेक्सिकोच्या आखातातल्या जातीत लहान मादीची अंडी नराच्या पिशवीत कमी जगतात. मला हा शोध सगळ्यात विलक्षण वाटतो. म्हणजे निवड जोडी जमल्यावरही संपत नाही.

हे सगळं घडतं ते गवतात. नळीमासा पोहायला मंद. पात्यांच्या रंगाचा होऊन उभा राहतो, पाण्याबरोबर डुलतो आणि बारीक कोळंबीसारखे जीव नळीनं ओढून घेतो. पाणी गढूळ झालं की जोडीदार नीट दिसत नाही आणि निवडच बिघडते. १९३०च्या दशकात उत्तर अटलांटिकचं बहुतेक गवत रोगानं मेलं, तेव्हा त्यातल्या जिवांचा आसराच गेला.

आपल्याकडे गवताची मोठी कुरणं मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात आहेत. २००१ मध्ये समुद्रघोड्यांसह नळीमाशांचं सगळं कुळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आलं. बारीक आसाच्या जाळ्याला मात्र जवळा आणि नळीमासा यांतला फरक कळत नाही, आणि तळ खरवडणारं जाळं गवतही उपटून नेतं. २०२२ मध्ये तमिळनाडूनं पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला, तो समुद्रगाईसाठी. तिचं अन्न तेच गवत, ज्यात नळीमाशाचा नर अंडी घेऊन उभा असतो.