धुऱ्यावरचं खोटं गाजर आणि डोंगरातला निनावी ओवा

मराठवाड्यात कुणालाही विचारा, गाजराच्या नावाचं रानात काय उगवतं? उत्तर एकच येईल: गाजरगवत. धुऱ्यावर, गायरानात, एसटी स्टँडच्या मागं, पाऊस पडो न पडो, ते हजर असतंच. पण त्याचं गाजराशी नातं कातरलेल्या पानापुरतंच. कूळ सूर्यफुलाचं, माहेर मेक्सिकोकडचं. पुण्यात ते उगवल्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं ही कथा घरोघर पोचली. खऱ्या गाजराचे रानातले भाऊबंद मात्र वेगळेच आहेत, आणि त्यांना धड नावही नाही.

गाजर, धणे, जिरे, ओवा, शेपू, बडीशेप आणि हिंग ही सगळी एका गोताची झाडं. मराठी वनस्पतिशास्त्र या गोताला चामर कुल म्हणतं. जगभरात साडेतीन हजारांवर जाती. रॉबर्ट मॉरिसनने 1672 साली या एकाच कुळावर स्वतंत्र ग्रंथ काढला. एका कुळापुरता लिहिलेला तो पहिला ग्रंथ मानतात. इतक्या लवकर हे कूळ वेगळं काढता आलं, कारण ओळख सोपी आहे. एका बिंदूतून छत्रीच्या काड्या निघाव्यात तसे देठ, त्यांच्या टोकाला पुन्हा छोट्या छत्र्या, आणि त्यावर बारीक फुलं.

फळाची खूण तर आपल्या हातातलीच आहे. कोथिंबीर पेरायच्या आधी धणे जमिनीवर पसरून चपलेनं रगडतात, ते आठवा. गोल धणा फुटतो आणि दोन फाका वेगळ्या होतात. एका धण्यात दोन बिया असतात. आख्खे टाकले तर उगवण मागंपुढं होते. फाकेच्या पाठीवर उभ्या शिरा असतात आणि फळाच्या आत तेलाच्या बारीक नळ्या. ओवा चोळल्यावर जो वास नाकात चढतो, तो तिथलाच.

स्वयंपाकघरातल्या या मंडळींना नावं मिळाली ती फार जुनी. पाणिनीच्या सूत्रात 'कुस्तुम्बुरु' येतो, त्याच घराण्यातली आपली कोथिंबीर. ओव्याला संस्कृतात यवानी. यातले बरेच जण मूळचे भूमध्य समुद्राच्या भोवतालचे आणि पश्चिम आशियातले. व्यापारासोबत आले, शेतात रुळले. हिंग तर अजून अफगाणिस्तान-इराणकडूनच येतो. लाहौल खोऱ्यात त्याचं पहिलं रोप लावलं ते ऑक्टोबर 2020 मध्ये.

ओव्याच्या नावाखाली मात्र सोयरे नसलेलेही घुसले. कुंडीतल्या जाड पानाचा पानओवा तुळशीच्या कुळातला. किरमाणी ओवा म्हणून जंतावर देत, तो दवण्याच्या जातीचा. खुरासानी ओवा धोत्र्याच्या कुळातला आणि चांगलाच विषारी. जडीबुटीच्या दुकानात पुडी घेताना हा फरक कामाचा आहे. अर्थात खऱ्या कुळाचा असला म्हणजे निर्धोक असंही नाही. सॉक्रेटिसला इसवी सनपूर्व 399 मध्ये दिलेलं विष याच छत्रीवाल्यांपैकी एकाचं होतं.

आता खरे रानातले. दख्खनच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता पांढऱ्या बारीक छत्र्यांची काटकुळी झाडं दिसतात, त्यांत पिंपिनेला प्रजातीच्या काही जाती आहेत. विलायती बडीशेप याच प्रजातीची, म्हणजे घरातलीच म्हणायची. पण गुराख्याला विचाराल तर फार तर 'रानओवा' म्हणेल आणि पुढं जाईल. ओलीच्या जागी जमिनीला धरून पसरणारा, बेडकाच्या पावलासारख्या गोल पानाचा कारिवणा हाही याच कुळातला. त्याची तर ब्राह्मी म्हणूनच विक्री होते, आणि दुसरी, जाडसर बारीक पानांची पाणथळीतली ब्राह्मी पुन्हा तिसऱ्याच कुळाची.

कागदावरही मराठवाडा उशिराच आला, आणि यात झाडांचा दोष नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंदवही छापली. ती नगर-सोलापूरपर्यंत आली आणि थांबली. पुढं निजामाचं राज्य. धारूर-अंबाजोगाईचा डोंगर सोलापूर-नगरच्या शेजारचाच. पण त्यावरची झाडं त्या इलाख्यात मोडत नव्हती. पश्चिम महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरचं झाडन् झाड हुडकलं जात असताना इकडं तसं काम नव्हतं. सप्टेंबर 1948 मध्ये निजामशाही संपली, 1958 साली औरंगाबादेत विद्यापीठ उभं राहिलं, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला 1998 मध्ये. कुकच्या शेवटच्या भागानंतर नव्वद वर्षांनी.

तो इंग्रजीत आहे. धुऱ्यावरचं बोलणं मात्र अजून गाजरगवताचंच चालतं.