घरगुती साबणनिर्मिती

तेल किंवा चरबी आणि तीव्र अल्कली यांपासून घरच्या वापरापुरता किंवा भेट देण्यापुरता साबण हाताने बनवण्याचा छंद. कारखान्यात टनांच्या हिशेबाने चालणारी अभिक्रिया इथे अर्धा-एक किलो तेलावर होते. वजनकाटा, पातेले, तापमापक, हातात धरायचा ब्लेंडर आणि एक साचा एवढ्या सामग्रीत एका घाण्याला सात-आठ वड्या निघतात. प्रत्यक्ष काम तासाभराचे असते. वडी वापरायला काढेपर्यंत मात्र चार ते सहा आठवडे थांबावे लागते.

तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला जोडलेली असतात. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, ही जोडणी तोडतो. सुटलेल्या मेदाम्लांची सोडियम लवणे तयार होतात, तोच साबण. ग्लिसरीन मोकळे होऊन तिथेच राहते. या अभिक्रियेला साबणीकरण म्हणतात. सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतले की साबण मऊ होतो आणि पाण्यात सहज विरघळतो, म्हणून द्रवरूप साबणासाठी ते वापरतात. ग्लिसरीनचे वजन मूळ तेलाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके भरते. मोठे कारखाने बहुधा ते वेगळे काढून घेतात, घरच्या साबणात ते सगळे वडीतच राहते.

या छंदाकडे वळणाऱ्याला पहिली धास्ती सोड्याची वाटते आणि ती रास्त आहे. कातडी भाजणारा पदार्थ आपण अंगाला लावायच्या वस्तूत घालत असतो. पण हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत सोडा उरतच नाही, कारण त्याचा प्रत्येक कण कुठल्या तरी मेदाम्लाशी बांधला गेलेला असतो. ‘सोड्याविना साबण’ अशी गोष्ट अस्तित्वात नाही. वितळवून साच्यात ओतायचा तयार गोळा मिळतो, तोही आधी कोणीतरी अल्कली वापरूनच बनवलेला असतो. म्हणून या छंदात शिकायची पहिली गोष्ट म्हणजे वजन करणे. रंग, सुगंध आणि नक्षी नंतर येतात.

सोड्याचा हिशेब

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागते, ऑलिव्ह तेलाला ०.१३५ ग्रॅम, एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. खोबरेलातील मेदाम्लांच्या साखळ्या आखूड असल्याने तेवढ्याच वजनात रेणू जास्त मावतात, आणि रेणू जास्त म्हणजे सोडाही जास्त.

समजा, ३०० ग्रॅम ऑलिव्ह, १५० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतले. त्यांना अनुक्रमे ४०.५, २७.४५ आणि ६.४ असा एकूण ७४.३५ ग्रॅम सोडा लागेल. पण छंद म्हणून साबण करणारे इतका कधीच घालत नाहीत. ते सुमारे पाच टक्के कमी घालतात, म्हणजे इथे ७०.६ ग्रॅम. त्यामुळे थोडे तेल साबण न होता वडीत राहते. ते त्वचेला मऊ लागते, आणि काट्याची किंवा तेलाच्या प्रतीतली बारीकसारीक चूकही त्यात सामावते. सोड्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण १४१ ग्रॅम पाणी धरले की कृती पूर्ण होते.

आता याच कृतीत खोबरेल हाताशी नाही म्हणून कोणी तेवढेच ऑलिव्ह घातले आणि सोडा तोच ठेवला, तर काय होईल? नव्या मिश्रणाची पूर्ण गरज ६७.१५ ग्रॅमची आणि पातेल्यात पडले ७०.६. जवळजवळ साडेतीन ग्रॅम सोडा मोकळा राहिला आणि वडी अंगाला लावण्याजोगी उरली नाही. तेलाच्या एकूण वजनात एका ग्रॅमचाही फरक पडला नव्हता. म्हणून तेल बदलले की हिशेब पहिल्यापासून करायचा. कप-चमच्याच्या मापाने दिलेल्या साबणाच्या कृतींवर विसंबू नये, कारण सोड्याचे दाणे कपात कसे बसतील याचा नेम नसतो. काटा एका ग्रॅमपर्यंत अचूक हवाच, छोट्या घाण्याला दशांश ग्रॅम दाखवणारा बरा.

कृती

सर्वांत जास्त चालते ती थंड पद्धत. हातमोजे, लांब बाह्या आणि डोळे सगळ्या बाजूंनी झाकणारा चष्मा घालून मगच सोड्याचा डबा उघडावा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. उलट केले तर वरचे पाणी एकदम उकळून आजूबाजूला उडते. सोडा पडताच पाणी गढूळ होते, भांडे हात लाववणार नाही इतके तापते आणि क्षणभर घशाला झोंबणारी वाफ येते. विस्तव नसताना द्रावण ८०–९० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. खिडकी उघडी हवी आणि भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा उष्णता सोसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचे. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात चालत नाही. सोडा ते खातो आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो.

द्रावण आणि तेल दोन्ही ३५–४५ अंशांच्या आसपास आले की द्रावण तेलात ओततात. चमच्याने ढवळले तर तासभरही लागू शकतो, ब्लेंडरने काही मिनिटांत काम होते. पारदर्शक तेल आधी धूसर होते, मग दुधी, मग पातळ दह्यासारखे. ब्लेंडर उचलून त्यावरचे थेंब पृष्ठभागावर पडू द्यावेत. ते लगेच बुडाले तर अजून वेळ आहे. थेंबाची रेघ क्षणभर वर तरंगून मग विरली, तर तेल आणि पाणी आता वेगळे होणार नाहीत अशी खूण पटते. या अवस्थेला ‘ट्रेस’ म्हणतात. नवशिक्याचा हात इथेच चुकतो. ब्लेंडर थांबवायचे भान राहत नाही, मिश्रण पिठल्यासारखे घट्ट होते आणि मग ते साच्यात ओतायचे नाही तर दाबून भरायचे उरते. थोडे फिरवावे, थोडे नुसते ढवळावे. सुगंध आणि रंग मिश्रण पातळ असतानाच घालावेत.

साच्यात ओतल्यावर अभिक्रिया स्वतःची उष्णता निर्माण करत राहते. साचा झाकून ठेवला तर काही तासांनी मधला भाग गडद आणि अर्धपारदर्शक होतो, मग हळूहळू पुन्हा अपारदर्शक होतो. ही अवस्था आली काय, न आली काय, साबण होतोच. आली तर रंग जास्त खुलतात. मध्येच थांबली तर वडीत गडद वर्तुळ दिसते, तो दोष फक्त दिसण्याचा. एक-दोन दिवसांत साबणीकरण जवळपास पुरे होते आणि वड्या कापता येतात.

गरम पद्धतीत हेच मिश्रण मंद आचेवर शिजवतात. साबणीकरण पातेल्यातच उरकते आणि सुगंध शेवटी घातल्याने सोड्याच्या तडाख्यातून वाचतो, पण वडीचा पोत खडबडीत येतो. तयार गोळा वितळवून ओतणे ही तिसरी वाट. तिच्यात सोड्याला हात लावावा लागत नाही म्हणून मुलांबरोबर करायला ती उत्तम, मात्र तेल निवडण्याचे स्वातंत्र्य तिच्यात नाही.

मुरवणे

कापलेल्या वड्या हवा खेळती राहील अशा जाळीवर अंतराअंतराने मांडून चार ते सहा आठवडे मुरू देतात. सोडा निघून जावा म्हणून हे थांबणे असते, हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. सोडा पहिल्या एक-दोन दिवसांतच संपलेला असतो, आणि हिशेब चुकून जास्त पडलेला सोडा नुसत्या वाट पाहण्याने सुरक्षित होईल असे धरून चालता येत नाही. मुरण्यात पाणी उडते आणि साबणाची स्फटिकरचना घट्ट होत जाते. वडी कठीण होते, फेस सुधारतो, न्हाणीघरात ती लवकर झिजत नाही. निव्वळ ऑलिव्हची वडी सहा आठवड्यांनीही बुळबुळीत लागते. ती सहा महिने किंवा वर्षभर मुरवणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे वापरून पाहिल्यावर पटते.

तेलांची निवड

साबणाचा स्वभाव मेदाम्लांवरून ठरतो. खोबरेलातील लॉरिक आम्लामुळे भरघोस फेस येतो आणि मळ सपाट्याने निघतो, पण प्रमाण वाढले की त्वचा कोरडी पडते. म्हणून अंगाच्या साबणात खोबरेल बहुधा तेलाच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवतात. पाम तेल, शिया, कोको बटर आणि प्राण्यांची चरबी यांतली पामिटिक व स्टिअरिक आम्ले वडीला कठीणपणा देतात. ऑलिव्हचे ओलेइक आम्ल सौम्य, पण त्याचा फेस तोकडा. एरंडेलात रिसिनोलेइक हे वेगळेच आम्ल असते. पाच-दहा टक्के एरंडेल घातले की फेस टिकून राहतो. जास्त घातले तर वडी चिकट होते. सूर्यफुलासारख्या लिनोलेइक आम्लाने भरलेल्या तेलांचे प्रमाण वाढले की काही महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके उमटतात आणि खवट वास येतो.

रंग, सुगंध आणि अल्कलीचा स्वभाव

स्वयंपाकघरातल्या रंगांचा इथे भरवसा नाही. बीटचा लाल रंग सोड्यात तपकिरी पडतो. हळद सोड्यात आधी लालसर होते, पुढे पिवळट-नारिंगी छटा देते आणि उजेडात विटते. नीळ, माती, कोळशाची पूड, लोहाची ऑक्साइडे आणि अल्ट्रामरीन टिकतात. लॅव्हेंडरची वाळलेली फुले साबणात मिसळली की काळपट होतात. सुगंधी तेल साधारणपणे तेलाच्या वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत घालतात, पण प्रत्येक तेलाची सुरक्षित मर्यादा निराळी असते आणि ती पाहूनच प्रमाण ठरवावे. लवंग तेलातील युजेनॉलमुळे मिश्रण पाहता पाहता आळते. व्हॅनिलिन असलेला सुगंध पांढऱ्या वडीला काही दिवसांत तपकिरी करतो. दूध घालायचे तर ते गोठवून त्याच्या खड्यांवर सोडा थोडा थोडा घालतात, नाहीतर दुधातली साखर करपते.

लिंबाचा रस घालून साबण ‘त्वचेच्या सामूचा’ (सामू म्हणजे पीएच, आम्ल-अल्कलीपणाचा आकडा) करता येतो, असे सांगितले जाते. तसे होत नाही. खरा साबण अल्कधर्मीच असतो, त्याचा सामू ९ ते १०.५ च्या घरात राहतो. आम्ल घातले की ते आधी सोडा खाते (एक ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल सुमारे ०.६२ ग्रॅम सोडा) आणि तेवढे तेल साबण न होता राहते. त्याहून जास्त घातले तर साबणच फुटून मेदाम्ले सुटतात. सायट्रिक आम्लाचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याचे सोडियम लवण जड पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवते आणि बादलीच्या कडेला बसणारा पांढरा चिकट थर कमी करते. त्यासाठी आम्ल घालायचे तर लागणारा जादा सोडा हिशेबात धरावा लागतो.

पूर्वपीठिका

शुद्ध सोडा मिळण्यापूर्वी लोक लाकडाच्या राखेतून पाणी गाळून अल्कली काढत. ती मुख्यतः पोटॅशियमची असल्याने साबण मऊ निघे. कठीण हवा असेल तर उकळत्या साबणात मीठ घालून तो वेगळा पाडत. राखेच्या पाण्याची तीव्रता मोजायला अंडे त्यात सोडत आणि ते किती वर तरंगते यावरून अंदाज बांधत. आजच्या काट्यापुढे ही रीत ढोबळ वाटते, पण तिच्यामागचा प्रश्न तोच होता: सोडा किती आहे? रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातील) लोकांच्या चरबी व राखेच्या ‘सापो’चा उल्लेख केला आहे. ऑलिव्ह आणि लॉरेल तेलाचा सीरियातील अलेप्पोचा साबण आणि ऑलिव्हचा पॅलेस्टाईनमधील नाब्लुसचा साबण या परंपरा आजही जिवंत आहेत. युनेस्कोने २०२४ मध्ये दोन्हींचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तेलातून ग्लिसरीन वेगळे केले. निकोला लब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून धुण्याचा सोडा बनवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि राखेवरचे अवलंबन सैल झाले. तेल म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन, हे मिशेल यूजीन शेवरल याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडले. हे कळले नसते तर दर तेलामागचा सोड्याचा आकडाही कळला नसता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक सोडा बनू लागला, आणि ठरावीक शुद्धतेचा सोडा हाताशी येणे शक्य झाले.

धोके आणि दुरुस्ती

सोडा अंगावर उडाला तर तो भाग ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावा आणि निदान पंधरा मिनिटे धुवावा. कातडीवर व्हिनेगर ओतू नये. त्यात वेळ जातो आणि उष्णताही निर्माण होते. व्हिनेगर ओटा पुसायला ठीक. डोळ्यांत गेले तर पाण्याने धूत असतानाच वैद्यकीय मदत बोलवावी. मुले आणि पाळीव प्राणी त्या वेळी खोलीत नसावेत. सोड्याचा डबा घट्ट बंद हवा, कारण सोडा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतो आणि मग काट्यावरचे वजन खोटे ठरते. नळी मोकळी करायची चूर्णे वापरू नयेत. त्यांत कधी ॲल्युमिनियमचे कण आणि इतर रसायने असतात.

वडीवर धरणारी पांढरी बुकटी बहुधा धुण्याचा सोडा असते; ओल्या फडक्याने ती निघते. वडी ठिसूळ, खडूसारखी असली किंवा आत द्रवाचे खिसे असले, तर सोडा जास्त झाल्याची शंका घ्यावी. अशा वडीला उघड्या हाताने धरू नये. ती किसून मंद आचेवर पुन्हा वितळवता येते आणि कमी पडलेले तेल घालून सुधारता येते. वर सांगितलेल्या चुकलेल्या घाण्यात सुमारे ५३ ग्रॅम ऑलिव्ह तेल घातले की पाच टक्के जादा तेलाचे प्रमाण पुन्हा जुळते. हा आकडा काढता येतो, कारण प्रत्येक वजन वहीत लिहिलेले आहे. नोंदच नसेल तर किती तेल घालायचे ते ठरवायला आधार नाही, आणि तो घाणा टाकून द्यावा लागतो.