न झालेला गोळीबार कसा मोजायचा?

अमेरिकेत शाळेवर हल्ला करणारी मुलं बंदूक आणतात कुठून? तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातले शाळांवरचे ४१ हल्ले तपासले. बंदूक चालवणाऱ्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांना ती आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या घरातच मिळाली होती. शिवाय बहुतेकांनी आपला बेत आधी कुणाजवळ तरी बोलून दाखवला होता.

म्हणजे इशारा मिळतो, पण गुन्हा घडलेला नसतो, त्यामुळे अटक करणं अवघड जातं. ही अडचण सोडवायला 'रेड फ्लॅग' कायदे आले. पहिला १९९९ मध्ये कनेटिकटचा. पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडाने महिन्याभरातच असा कायदा केला. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे. पोलीस, काही ठिकाणी घरचे लोक, न्यूयॉर्कमध्ये तर शाळेचे मुख्याध्यापकही न्यायालयात अर्ज करू शकतात. न्यायाधीशांना धोका पटला तर बंदुका तात्पुरत्या जमा होतात आणि नवी विकत घेता येत नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून अंतिम आदेश निघतो, साधारण वर्षभरासाठी.

याचा उपयोग होतो का? इथे संशोधकांची पंचाईत होते. सामूहिक गोळीबार संख्येने मुळात कमी. त्यातून जो झालाच नाही, तो आदेशामुळे टळला की होणारच नव्हता, हे कसं सांगणार? कॅलिफोर्नियात सामूहिक गोळीबाराच्या धमकीवरून असे आदेश निघालेल्या २१ प्रकरणांत धमकी एकदाही खरी झाली नाही. आशादायक आहे, पण पुरावा म्हणून अपुरं.

आत्महत्यांचं गणित मात्र मांडता येतं. कनेटिकटमधल्या ७६२ जप्त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नामी युक्ती केली. कोणत्या मार्गाने केलेला प्रयत्न किती वेळा जिवावर बेततो, हे ठाऊक आहे. मग झालेल्या मृत्यूंवरून एकूण प्रयत्नांचा अंदाज बांधायचा आणि बंदुका हाताशी असत्या तर त्यातले किती दगावले असते, ते काढायचं. उत्तर आलं: दर १० ते २० जप्त्यांमागे एक जीव वाचला. अंदाजच, पण हवेतला नव्हे.

शाळांपुरतं बोलायचं तर सहा राज्यांतल्या ६,७८७ अर्जांपैकी सुमारे १० टक्क्यांत तीन किंवा अधिक माणसं मारण्याची धमकी होती आणि त्यात सर्वाधिक वेळा लक्ष्य होत्या शाळा.

अर्थात अर्जच केला नाही तर कायदा काय करणार? न्यूयॉर्क राज्यात २०२१ साली एका १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेतच खून आणि आत्महत्येची भाषा केली. पोलिसांनी त्याला मानसिक तपासणीला नेलं, तिथून त्याला सोडून दिलं. कायदा होता, अर्ज कुणीच केला नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने दुकानातून रीतसर रायफल घेतली (तिथे तेव्हा तेवढं वय पुरत असे) आणि १४ मे २०२२ रोजी बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा जणांना मारलं. चारच दिवसांनी गव्हर्नरांनी हुकूम काढला: धोका दिसला की राज्य पोलिसांनी अर्ज केलाच पाहिजे. त्यानंतर तिथल्या अर्जांची संख्या झपाट्याने वाढली.