न चाळलेली नाण्यांची सुरळी

जुनी नाणी कागदात घट्ट गुंडाळून ‘आत काय आहे ते आम्हीही पाहिलेले नाही’ असे सांगत ऑनलाइन विकण्याचा प्रकार. नाणी जमवणारे अशा सुरळीला ‘अनसर्च्ड रोल’ म्हणतात. सुरळीची दोनच टोके दिसतात. तिथे एखादे दुर्मिळ नाणे डोकावत असते आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते मधल्या, न दिसणाऱ्या नाण्यांच्या आशेवर. मध्ये बहुधा निवडून उरलेला गाळ असतो. आत पाहायचे तर कागद फाडावा लागतो, आणि कागद फाडला की ‘उघडलेला माल परत नाही’.

प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथल्या बँका सुटी नाणी कागदी सुरळीत देतात : सेंट ५०, डाइम (दहा सेंटचे नाणे) ५०, डॉलर २५. १९०९ ते १९५८ या काळातल्या लिंकन सेंटच्या मागे गव्हाच्या दोन ओंब्या होत्या. १९५९ पासून तिथे लिंकन स्मारक आले आणि ओंबीचे सेंट लोक बाजूला काढू लागले. खरे तर निवडानिवड त्याच्या कितीतरी आधीची. १९३०च्या दशकात खाचा पाडलेले पुठ्ठे विकायला आले आणि प्रत्येक सालाचे नाणे आपापल्या खाचेत बसवण्याचा छंद घरोघरी पोचला. १९०९ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, रेखाटनकाराची आद्याक्षरे असलेला सेंट फक्त ४,८४,००० निघाला. तो सापडावा म्हणून लोकांनी ढीगच्या ढीग उपसले. तेव्हा आज विकायला येणारा ओंबीचा सेंट एकदाही कुणाच्या नजरेखालून गेलेला नाही, हे मानणे जड जाते.

फसवणूक ओळखायला थोडे गणित पुरते. समजा, जुन्या ढिगात शंभरात एक नाणे ‘इंडियन हेड’ सेंट (लिंकन सेंटच्या आधीचा, १८५९–१९०९) आहे. सुरळी आपसूक भरली तर दोन्ही टोकांना तेच येण्याची शक्यता दहा हजारांत एक. दोन्हीकडे साल असलेलीच बाजू बाहेर यायची तर चाळीस हजारांत एक. आणि विक्रेत्याकडे अशा तीस सुरळ्या, तिसांचीही टोके तशीच! त्याने आत पाहिले नसेलही. टोके मात्र त्यानेच बसवली.

कागदावर विसंबू नये. बँकेचे नाव छापलेली जुनी कोरी वेष्टने मिळतात, कडा आत वळवून दाबणारी यंत्रेही मिळतात. नाण्याच्या कडेकडे पाहावे. वर्षानुवर्षे सुरळीत राहिलेल्या टोकाच्या नाण्याचा उघडा भाग काळवंडतो आणि कागदाच्या दुमडीखालची कडा निराळ्या रंगाची राहते. कागद काढला की तो गोल पट्टा स्पष्ट दिसतो. नाणे कडेपर्यंत एकसारखे काळे असेल तर ते आधी दुसरीकडे काळे झाले आणि मग इथे आले.

आपल्याकडे बँका नाणी शंभरा-शंभराच्या पॉलिथिन पुड्यांत घेतात, त्यामुळे ‘बँकेची सीलबंद जुनी सुरळी’ हे वर्णनच मुळात परके वाटते. म्हणून इथल्या, समजा सोलापूरच्या, गिऱ्हाइकाला कथा निराळी सांगितली जाते. पणजोबा जुन्या गिरणीत होते (ही कापडगिरणी १८७७ची), मार्शल लॉच्या धामधुमीत पगाराची चळत पेटीत तशीच राहिली, वगैरे. कथा ऐकावी आणि सालाशी ताडून पाहावी. सोलापुरात मार्शल लॉ १९३० साली लागला. चळतीच्या टोकाला भोकाचा पैसा दिसत असेल तर तो १९४३ ते १९४७ मधला, म्हणजे पणजोबांच्या पेटीत नंतर कुणीतरी हात घातला आहे. विक्रेता राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या काळातले) म्हणून रुपये विकत असेल तर वजन विचारावे. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा; वीस रुपयांची चळत २३३ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. झिजेने थोडे कमी चालेल, वीस ग्रॅम कमी नाही. १९४०पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, १९४७चा रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. दागिन्यासाठी कधी कडी लावलेल्या रुपयाच्या कडेला टाक्याचा डाग राहतो. असे नाणे संग्राहक घेत नाही, सराफ मात्र चांदीच्या भावाने घेतो.

दुसरी आवडती कथा वाडा पाडताना सापडलेल्या हंड्याची. वर औरंगजेबाचा शोलापूर टांकसाळीचा रुपया, खाली किलोच्या भावाने मिळणारे तांब्याचे पैसे. या कथेत विक्रेता स्वतःच अडकतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. म्हणजे हंडा खरा असेल आणि खबर दिली नसेल तर विक्री बेकायदा, खोटा असेल तर फसवणूक.

रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी शुल्क वा कमिशन मागणे हा याच कुळातला ठकवण्याचा प्रकार. त्याबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये इशारा दिला होता.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा दाखल करता येतो. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, सोलापूरच्या गिऱ्हाइकाला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तिथे कामी येतो तो जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘न चाळलेली’ हा शब्द आणि टोकांचा फोटो त्यात हवाच. तो पैसे देण्याआधी घ्यावा, कारण सौदा झाला की जाहिरात काढून टाकली जाऊ शकते.