रात्री दात घासा, पण चूळ भरू नका
जत्रेतून आणलेले खाजे डब्यात असेपर्यंत येता-जाता एकेक तुकडा तोंडात जातो. दात किडतात ते याच सवयीने. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू गूळ-साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (pH, जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, झीजही थोडीफार भरून काढते. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरा तुकडा खाल्ला की सगळे पहिल्यापासून सुरू. त्यापेक्षा चारही तुकडे जेवणानंतर एकदमच खाल्लेले बरे. दाढांच्या खाचांत चिकटलेला पाव आणि बिस्किटेही निरुपद्रवी नाहीत, त्यांतल्या पिठाची साखर तोंडातच होते.

झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. ब्रश मऊ हवा. तो हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून दोन-तीन दातांवर हलकेच, छोट्या हालचालींनी फिरवायचा. एकूण दोन मिनिटे. शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते. दोन दातांमधल्या फटीत तर ब्रश पोचतच नाही, तिथे फ्लॉसच, म्हणजे दातांसाठीचा बारीक दोराच, लागतो.

पेस्ट फ्लोराइडची, सुमारे १००० पीपीएमची (दहा लाखात हजार भाग फ्लोराइड) घ्यावी. आकडा ट्यूबवर पाहावा. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण ती गिळली जाते. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि थांबायचे. आपल्याकडे लगेच खळाखळा चुळा भरतात, तिथेच दातांवर राहायला हवे ते फ्लोराइड वाहून जाते. सोलकढी किंवा लिंबू सोडा प्यायल्यावर मात्र अर्धा तास थांबून ब्रश करा, आम्लाने इनॅमल तेवढा वेळ मऊ पडलेले असते. कोळशाची पूड, मीठ यांनी दात घासू नयेत. मशेरी तर तंबाखूच आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिच्या खाचा ब्रशच्या केसांहूनही अरुंद असतात. त्या दंतवैद्य लावतात त्या सीलंटच्या पातळ थराने बुजवता येतात, आणि ते कीड लागण्याआधी करून घ्यावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर लगेच दंतवैद्य गाठा. त्या टप्प्यावर कीड फ्लोराइडने थोपवता येते, खड्डा पडला की भरावाच लागतो.