गुप्त व्यापार करार आणि देशांचे सार्वभौमत्व: पार्श्वभूमी

1947 साली जिनिव्हात 23 देशांनी गॅट या आयात शुल्क आणि व्यापाराविषयीच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा वाटाघाटींचा मुख्य विषय आयात शुल्क हा होता. आपण कुठवर मागे हटायला तयार आहोत हे समोरच्याला आधीच कळले तर सौदा फिसकटतो. म्हणून बोलणी गुप्त ठेवण्याची रीत पडली आणि त्यात फारसे वावगे नव्हते. शुल्क घटले तरी देशातले बाकीचे कायदे जागच्या जागी राहत.

पुढे विषय बदलला, रीत मात्र तीच राहिली. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. 1986 ते 1994 या काळात चाललेल्या गॅट वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत पेटंट, सेवा क्षेत्र, शेतीची अनुदाने हे सगळे टेबलावर आले. 1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि पेटंटची मुदत किमान 20 वर्षे हवी, असे सदस्य देशांवर बंधन आले. ज्या प्रश्नांवर संसदेत खडाजंगी व्हायला हवी, त्यांची उत्तरे निवडक देशांच्या ‘ग्रीन रूम’ बैठकांत ठरू लागली. अनेक गरीब देशांना त्या खोलीत प्रवेशच नसे.

याला समांतर दुसरा प्रवाह गुंतवणूक करारांचा. असा पहिला द्विपक्षीय करार 1959 मध्ये पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. नव्याने स्वतंत्र झालेले देश आपले कारखाने ताब्यात घेतील ही पाश्चात्त्य कंपन्यांची धास्ती त्यामागे होती. नंतरच्या करारांत एक कलम शिरले: परदेशी गुंतवणूकदार यजमान देशाच्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकतो. बहुधा तिघा जणांचे लवाद मंडळ निर्णय देते. स्थानिक न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही आणि नियमित अपीलही नसते. देशी कंपनीला किंवा सामान्य नागरिकाला हा दरवाजा बंदच असतो.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात 1994 मध्ये लागू झालेल्या नाफ्ता या व्यापार करारात हे कलम होते. 1997 मध्ये कॅनडाने पेट्रोलमधल्या एमएमटी या मिश्रकाची आयात रोखली. ते बनवणाऱ्या एथिल या अमेरिकी कंपनीने दावा ठोकला. कॅनडाच्या देशांतर्गत व्यापार करारानुसार प्रांतांनी घेतलेल्या हरकतीचा निकालही केंद्र सरकारच्या विरोधात गेला आणि 1998 मध्ये कॅनडाने बंदी मागे घेऊन कंपनीला सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर दिले.

त्याच सुमारास श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत गुंतवणुकीवरचा एक बहुपक्षीय करार शिजत होता. 1997 मध्ये त्याचा मसुदा फुटला, देशोदेशी विरोध उसळला, ऑक्टोबर 1998 मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि करार बारगळला. पुढेही असेच घडले. बनावट मालाविरुद्धच्या ‘अ‍ॅक्टा’ कराराचे कागद फुटले, निदर्शने झाली आणि 4 जुलै 2012 रोजी युरोपीय संसदेने तो 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला. मसुदा उजेडात आल्यावर जो करार टिकत नाही, तो अंधारात का ठेवला होता हे वेगळे सांगायला नको.

बारा देशांच्या ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी (टीपीपी) या व्यापार कराराची गुप्तता तर आणखी कडक होती. त्यातल्या गुंतवणुकीवरच्या फुटलेल्या अध्यायावर अशी सूचना होती की करार लागू झाल्यावर चार वर्षे हा कागद गोपनीय राहील. अमेरिकी लोकप्रतिनिधींना तो बंदोबस्तातल्या खोलीत बसून वाचावा लागे, तर उद्योगांचे प्रतिनिधी अधिकृत सल्लागार समित्यांवर होते.

लवादाचा खरा परिणाम निकालांपेक्षा धास्तीत दिसतो. ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरून कंपन्यांची बोधचिन्हे हटवण्याचा कायदा केला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने त्याआधीच ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायाची मालकी आपल्या हाँगकाँगच्या कंपनीकडे वळवली होती. मग 1993 च्या हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया कराराचा आधार घेऊन तिने दावा लावला. डिसेंबर 2015 मध्ये लवादाने तो फेटाळला. मात्र मधल्या काळात न्यूझीलंड सरकारने, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दाव्यांचे काय होते ते पाहूनच पुढे जाऊ, असे जाहीर केले होते. तिथला तसाच कायदा 2018 मध्ये लागू झाला. ऑस्ट्रेलिया जिंकला, पण शेजारच्या देशाची कित्येक वर्षे गेली, तीही तंबाखूसारख्या प्रश्नावर.

करार करणे हाच सार्वभौमत्वाचा आविष्कार आहे, असा युक्तिवाद केला जातो. 1923 मध्ये विम्बल्डन जहाजाच्या खटल्यात हेगच्या तत्कालीन स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तसेच म्हटले होते आणि ते चूक नाही. पण स्वतःला बांधून घेण्याचा अधिकार ज्या जनतेच्या नावाने वापरला जातो, तिला दोर दिसायला तर हवा. संसदेसमोर शेवटी जाडजूड दस्तऐवज ठेवून ‘होय किंवा नाही’ एवढेच विचारले, तर एखादे कलम बदलण्याची संधीच उरत नाही.

अलीकडे काही देश मागे वळले आहेत. दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि भारताने जुने गुंतवणूक करार मोठ्या संख्येने संपवले. नाफ्ताच्या जागी 2020 मध्ये आलेल्या करारात अमेरिका आणि कॅनडा यांच्यातले लवादाचे कलम वगळले गेले. मात्र बाहेर पडणे आत शिरण्याइतके सोपे नाही. ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या 1994 च्या ऊर्जा सनद करारातून युरोपीय संघ जून 2025 मध्ये बाहेर पडला, तरी त्याआधी झालेल्या गुंतवणुकींना त्यातले संरक्षण कलम आणखी 20 वर्षे, म्हणजे 2045 पर्यंत लागू आहे.