गॅरामॉन्ड (टाइपफेस)

गॅरामॉन्ड हा रोमन लिपीचा सेरिफ टाइपफेस, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असलेला, आणि मुळात पुस्तकातला सलग मजकूर डोळ्यांना त्रास न होता वाचता यावा म्हणून घडवलेला. नाव पडलंय पॅरिसच्या क्लोद गारामाँ या अक्षरकारागिरावरून, जो १५६१ साली वारला. खरं तर हा एकच फॉन्ट नाही, गारामाँच्या अक्षरांवरून पुढच्या लोकांनी जे जे केलं त्या अख्ख्या घराण्याचं हे नाव आहे.

त्या काळी अक्षर आधी पोलादाच्या दांडीवर उलटं कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचे आणि त्यात शिसं ओतून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पाडायचे. निकोलस जेन्सनने १४७० मधे व्हेनिसला आणि नंतर तिथेच आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेली अक्षरं ही गारामाँच्या अक्षरांची आधीची पिढी, गारामाँने त्या वळणाला आणखी सफाई आणली.

आपल्या कोकण किनाऱ्याशी याचा संबंध काय, तर १५५६ साली गोव्यात जेझुइटांचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या एका संघाचा, छापखाना आला, तो निघाला होता खरं तर अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) पण गोव्यातच राहिला, आणि तेव्हा तिकडे पॅरिसमधे गारामाँ हयात होता! गोव्यातले खिळे त्याचे होते असं मला म्हणायचं नाहीय, पण काळ एकच. पुढे १६१६ मधे गोव्याच्याच सासष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं, ओव्या मराठी आणि लिपी रोमन. मराठी ओव्या सगळ्यात आधी छापल्या गेल्या त्या आपल्या किनाऱ्यावर आणि रोमन खिळ्यांनी, ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता वाचायला तो बरा का वाटतो. एकतर जाड आणि बारीक रेघेत फरक आहे पण बेताचा, त्यामुळे ओळीवर काळे-पांढरे पट्टे उठत नाहीत, पान एकसारखं करडं दिसतं आणि नजर अडकत नाही. दुसरं म्हणजे गोल अक्षरांचा जाडपणा किंचित कललेला असतो, कारण मूळ वळण तिरक्या कापाच्या लेखणीचं. आणि छोटी अक्षरं खरंच छोटी, तर वर जाणारे दांडे उंच, कॅपिटलपेक्षाही उंच, म्हणून प्रत्येक शब्दाला स्वतःची आकृती येते आणि दोन ओळींमधे हवा खेळते. ओळीत साठ-सत्तर अक्षरं ठेवली की मजा येते.

तोटाही यातच आहे. त्याच पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) टाइम्स या फॉन्टच्या शेजारी ठेवलात तर गॅरामॉन्ड बारीक दिसतो, आणि स्मॉल ई चा डोळा, म्हणजे आतली बंद पोकळी, इतका लहान की पावसाळ्यात आमच्याकडे कागद ओल धरतो, शाई थोडी फुटते, तेव्हा नऊ पॉइंटला लावलेल्या मजकुरात तो डोळा पार भरून जातो. जुलै-ऑगस्टात छापायचं असेल तर अकरा-बाराच्या खाली जाऊच नये असं माझं मत.

नावाचा एक घोळ आहे. बरीच वर्षं गारामाँची म्हणून मिरवलेली काही अक्षरं खरं तर जाँ जानों याने सतराव्या शतकात कोरलेली होती, ते १९२६ साली बिआट्रिस वॉर्ड यांनी दाखवून दिलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गॅरामॉन्ड नावाने जो येतो तो जानोंच्याच वळणाचा.

अस्सल वळण हवं असेल तर ईबी गॅरामॉन्ड घ्या. फ्रँकफर्टच्या एगेनोल्फ-बेर्नर छापखान्याने १५९२ मधे अक्षरांचा नमुना-तक्ता छापला होता, त्यात सरळ अक्षरं गारामाँची आणि तिरकी रोबेर ग्रांजाँची, त्यावरून गेओर्ग डुफनर यांनी हा डिजिटल फॉन्ट करायला घेतला. लायसन्स खुलं आहे, विकायच्या पुस्तकातही बिनधास्त वापरता येतो.

त्यात देवनागरी मात्र नाही, आणि इथे खरी कसोटी. कोकमावरची मराठी पुस्तिका करताना मधेच झाडाचं शास्त्रीय नाव इटॅलिकमधे, म्हणजे तिरक्या अक्षरांत, टाकावं लागतं, ग्रांजाँचं ते इटॅलिक फार देखणं, पण देवनागरीच्या ओळीत ते बसवणं सोपं नाही, कारण आपल्या बोरूचा काप उलट्या बाजूला, त्यामुळे त्यांचा जाडपणा जिकडे कलतो त्याच्या विरुद्ध आपला. दोन्हीचा पॉइंट एकच ठेवून चालत नाही. शिरोरेषेखालचा ‘व’ केवढा आहे ते बघायचं, शेजारी स्मॉल एक्स ठेवायचा, आणि तो बुटका वाटला तर रोमनचा साइज अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने वाढवत जायचं, मग एक पान प्रत्यक्ष छापून हातात धरून वाचायचं, स्क्रीनवर बघून ठरवायचं नाही.